लुसेआनेच्या दप्तरातल्या दगडांविषयी

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
बेट शिक्षण कार्यालय,
ओनेतेआ, टोंगा.

विषय : इयत्ता आठवीची विद्यार्थिनी कु. लुसेआने हिच्यावरील दोन वर्षांची शाळाबंदी उठवण्याबाबत, तसेच तिच्या चौकशीत मी दिलेला जबाब खोटा असल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा दि. २३ ऑगस्टचा शाळाबंदीचा आदेश.
२) आपल्याच कार्यालयाचे दि. २६ ऑगस्टचे, मला आलेले अभिनंदनपत्र.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी कालोलाइने फुनाकी, मातालिकू येथील सरकारी मिडल स्कूलमध्ये एकोणीस वर्षे शिक्षिका आहे. गेली दोन वर्षे सातवी व आठवीच्या वर्गांना मी आठवड्यातून दोनदा भांडण मिटवण्याचा तास घेते. हा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवायला हवा होता. मी तो गेल्या बुधवारी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अर्धा वाचला आणि परत दिला. "कालोलाइने, एका पोरीसाठी दोनशे पोरांची शाळा बदनाम करू नकोस," एवढेच ते बोलले. म्हणून तो थेट आपल्याकडे पाठवत आहे. या नियमभंगाबद्दल क्षमस्व. खाली जे नियमभंग येणार आहेत त्यांच्यापुढे हा अगदीच लहान आहे.

२. सदर तासात काय शिकवले जाते हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण सगळे प्रकरण त्यावरच अडले आहे. प्रत्येक वर्गातून सहा मुले निवडून त्यांना आम्ही 'मधले' म्हणतो. दोघांचे जुंपले की मधल्याने जायचे. नियम तीन. पहिला, रिकाम्या हाताने जायचे. दुसरा, समोरच्याच्या हातात काही असेल तर बोलण्याआधी ते मागून घ्यायचे. हिसकावायचे नाही, तळहात पुढे धरून उभे राहायचे. तिसरा, मधल्याला जे कळले ते मधल्यापाशीच राहील, कुणाचे नाव बाहेर जाणार नाही. हे नियम माझे आहेत आणि माझ्या अक्षरात वर्गाच्या भिंतीवर लावलेले होते. फेब्रुवारीत मी मोसेसे नावाच्या मुलाच्या हातात लाकडी पट्टी देऊन त्याला चिडायला सांगितले आणि स्वतः तळहात पुढे करून दाखवले. त्याने पट्टी दिली. मग लुसेआने उठली. तिने हात पुढे केला, तर हा काही पट्टी देईना. ती तशीच उभी राहिली. मुले हसायला लागली, मधली सुट्टी झाली, तरी तिचा हात खाली आला नाही. शेवटी मोसेसेच म्हणाला, "घे बाई, मला भूक लागलीय." त्या दिवशी मी तिला मधल्यांची प्रमुख केले.

३. आपल्या कार्यालयाने वर्षारंभी परिपत्रक काढले होते की, ज्या शाळेच्या मारामारीच्या नोंदवहीत दोन सत्रे एकही नोंद होणार नाही तिला सन्मानफलक मिळेल. आमची नोंदवही माझ्याकडे असते. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात तीत एकही नोंद नाही. प्रत्यक्षात चार मारामाऱ्या झाल्या. एकीत एका मुलाचा कान चावला गेला. तो मी आजारपणाच्या वहीत 'खेळताना इजा' असा लिहिला. एकीत खिडकीची काच गेली. ती वाऱ्याने गेली असे लिहिले. उरलेल्या दोन मी कुठेच लिहिल्या नाहीत. मला कुणी दमदाटी केली नव्हती. पहिल्या महिन्याचे पान कोरे राहिले तेव्हा मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "तास असावा तर असा." ते ऐकायला बरे वाटले, आणि मग पुढची पानेही कोरी राहिली.

४. जुलैच्या बँड स्पर्धेत आमच्या शाळेच्या मोठ्या ढोलाचे कातडे कुणीतरी फाडले. कुणी, ते आजही माहीत नाही. आमच्या मुलांनी लोतोपुआच्या मिशन शाळेवर आळ घेतला. त्या शाळेत जाणारी निम्मी मुले आमच्याच गावची आहेत. रोज साडेतीनच्या बोटीने खाडी ओलांडून घरी येतात, आणि रविवारी चर्चमध्ये आमच्या मुलांच्याच बाकावर बसतात. पण अंगावर शाळेचा गणवेश चढला की ती जणू दुसऱ्या बेटावरची होतात.

बुधवार दि. १४ ऑगस्ट रोजी शाळा सुटल्यावर लुसेआने माझ्याकडे आली.

"बाई, उद्या बोट लागली की आपली पोरं धक्क्यावर थांबणार आहेत."

मी विचारले, "कशाला?"

"ढोलासाठी. दप्तरात दगड भरलेत. मोसेसेच्या काकानं सांगितलंय म्हणे, आमच्या वेळी आम्ही काय हात बांधून बसलो होतो का? बाई, तुम्ही या ना. तुमची उद्या धक्क्यावर ड्यूटीपण आहे."

मी तेव्हा काय करायला हवे होते ते मला ठाऊक होते. नोंदवहीत नोंद, मुख्याध्यापकांना सूचना, मिशन शाळेला फोन, पालकांना निरोप. पण शुक्रवारी आपण फलक द्यायला येणार होता. बुधवारी नोंद झाली असती तर शुक्रवार झाला नसता. म्हणून मी तिला म्हणाले, "अगं, तू मधल्यांची प्रमुख ना? मग सहा महिने शिकलीस ते काय फक्त वर्गातल्या वर्गात? जा, बोल त्यांच्याशी. तुला येतं."

ती म्हणाली, "ते खूप जण आहेत, बाई." मी म्हणाले, "मी येतेच आहे मागनं."

५. गुरुवारी दुपारी मी धक्क्यावर गेले नाही. समारंभासाठी सभागृहाच्या भिंतीवर पुठ्ठ्याचे मोठे शून्य लावायचे ठरले होते. ते मी कापलेही होते. तीन वाजता मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, "लहान झालंय हो. मागच्या रांगेतून दिसायला हवं. आजचं धक्क्याचं राहू द्या, हे आधी करा." मी त्यांना लुसेआनेचे सांगू शकले असते. मी दुसरा पुठ्ठा घेतला. पावणेचारच्या सुमारास धक्क्याकडून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मी टेबलावर उभी राहून ते शून्य चिकटवत होते.

पुढचे मी पाहिलेले नाही, नंतर मुलांकडून जमवले आहे. लुसेआने धक्क्यावर बोटीच्या आधी पोहोचली. ती आमच्या मुलांपुढे एकेकाजवळ जाऊन हात पुढे करून उभी राहिली. काही जण हसले, धक्काही दिला कुणीतरी. पण पाच जणांनी तिला दगड दिले आणि एकाने सायकलची साखळी दिली. ते सगळे तिने आपल्या दप्तरात ठेवले, कारण जमिनीवर टाकले असते तर पुन्हा उचलले गेले असते. सातव्या मुलापर्यंत ती पोहोचली तेवढ्यात बोट लागली. लोतोपुआच्या मुलांनी आमची मुले ओळीने उभी पाहिली आणि उतरण्याआधीच बोटीच्या तळाशी वजनाला ठेवलेले दगड उचलून भिरकावले. आमच्या उरलेल्या मुलांनीही मग काही बाकी ठेवले नाही. लुसेआने दोन्ही हात वर करून मध्ये उभी होती. बोटीतल्या आतेलाइते नावाच्या मुलीने, ती तिच्याच वयाची आणि आमच्याच गावची, फेकलेला दगड तिच्या डाव्या डोळ्यावर बसला.

६. शुक्रवारी समारंभ झाला. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे पडले की, प्रकार शाळेच्या कुंपणाबाहेर आणि शाळा सुटल्यावर घडलेला असल्याने तो नोंदवहीत येत नाही. आपल्याला कुणी सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. मी तरी सांगितले नाही. आपणास आठवत असेल, फलक देताना आपण मला विचारले होते, "हे कसं साधलंत?" मी दहा मिनिटे बोलले. मुलांवर विश्वास टाकला पाहिजे, असे बोलले. त्या वेळी लुसेआने मोठ्या बेटावरच्या इस्पितळात होती आणि तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया चालू होती. टाळ्या झाल्या. आठवीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत. मी ते पाहिले, आणि मुले दमली असतील असे स्वतःला समजावले.

७. मंगळवार दि. २० रोजी चौकशी झाली. लुसेआने आदल्या दिवशीच्या बोटीने परत आली होती. अर्धा चेहरा पट्टीत. शिपायाने धक्क्यावरून उचलून आणलेले तिचे दप्तर टेबलावर रिकामे केले. पाच दगड, एक साखळी, भूगोलाची वही, अर्धा भाजलेला कंद.

"ही हत्यारं तुझ्याकडे कशी?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"घेतली."

"कुणाकडून?"

तिने नाव सांगितले नाही. तिसरा नियम आहे ना! मी समोर बसले होते. मला कळत होते की ही पोर माझा नियम पाळते आहे.

"नावं सांग, नाहीतर ती तुझीच धरावी लागतील."

"सांगता येत नाही, सर. पण मागून घेतलीत, मारायला नव्हती. बाईंनी शिकवलंय तसं. बाईंना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी 'होय' म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता की, मग तुम्हाला आधी ठाऊक होते का, तुमची ड्यूटी होती ना, तुम्ही कुठे होता. मी म्हणाले, "वर्गात असं काही नेमकं शिकवल्याचं मला आठवत नाही."

लुसेआनेने पट्टीबाहेरच्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले. रडली नाही. तिने फक्त टेबलावरची भूगोलाची वही उचलली आणि छातीशी धरली. त्यानंतर तिला विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही, आणि तेही उद्धटपणा म्हणून तिच्याविरुद्ध लिहिले गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी भिंतीवरचे तीन नियम उतरवून घरी नेले.

८. आपल्या आदेशात तिच्याविषयी जे लिहिले आहे, की 'हत्यारांचा साठा बाळगून मारामारीत पुढाकार', ते सर्वस्वी माझ्या त्या एका वाक्यावर उभे आहे. आदेशानुसार बेटावरची कोणतीही शाळा, सरकारी असो वा मिशनची, दोन वर्षे तिला घेऊ शकत नाही. ती तेरा वर्षांची आहे.

येथपर्यंत लिहून मी हा अर्ज संपवणार होते. पण या पुढचेही आपणास कळणे भाग आहे. यापुढे परिच्छेदांना क्रमांक घालत नाही, कारण ते कोणत्या क्रमाने सांगावे हेच मला समजत नाही.

आदेश आल्यानंतरच्या शनिवारी लुसेआनेची आई, सेपिउता, माझ्या दारात आली. ती विधवा आहे, चटया विणते. माफी मागायला जाताना बांधतात तशी कमरेला आपली चांगली चटई बांधून, टोपलीत चार मोठे कंद आणि एक शिजवलेली कोंबडी घेऊन ती आली होती. आत या म्हटले तरी आली नाही. उंबऱ्याबाहेर जमिनीवर मांडी घालून बसली आणि मान खाली घालून म्हणाली, "बाई, पोरीनं तुमच्या तासाला काळं फासलं. तुम्ही इतकं जीव लावून शिकवता आणि ही दगड घेऊन फिरते. वर तुमचंच नाव घेते. मला माफ करा. तिलाही करा."

महोदय, मी तिला त्याच क्षणी खरे सांगायला हवे होते. मी म्हणाले, "असू दे, सेपिउता. मुलं आहेत." मी टोपली घेतली. तिने मला दोनदा धन्यवाद दिले. ते कंद मी रविवारी भट्टीत घातले. शेजारीण म्हणाली, कंद गोड निघाले. मला चव लागली नाही, पण मी खाल्ले, हे लिहून ठेवते.

त्यानंतर आपले अभिनंदनपत्र आले. त्यात लिहिले आहे की, माझी पद्धत बेटावरच्या इतर शाळांनाही शिकवण्यासाठी मला बोलावण्यात येईल. त्या आठवड्यातले दोन्ही तास मी घेतले नाहीत, दोन्ही वेळा डोके दुखते असे सांगितले. इतर तासांना आठवीच्या वर्गात शिरले की मुले उभी राहात, नमस्कार करीत आणि एकही शब्द न बोलता बसत. शुक्रवारी मोसेसे माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साखळी माझी होती. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, चौकशी संपली." आणि मग, "बाई, तुम्ही सांगितलंत तर परत सुरू होईल ना?"

शनिवार दि. ३१ ऑगस्टला मी सेपिउताकडे गेले. ओसरीवर लुसेआने चटईवर बसली होती आणि तिच्याशेजारी दुसरी मुलगी मोठ्याने गणित वाचून दाखवत होती. ती आतेलाइते होती. मी थबकले. सेपिउताने सांगितले की, लुसेआने इस्पितळातून आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही पोर कुंपणाबाहेर येऊन बसायची. आई हाकलायची, ही थोडी लांब सरकून पुन्हा बसायची. तिसऱ्या दिवशी लुसेआने स्वतः बाहेर गेली आणि म्हणाली, "ऊन लागेल ना गं तुला. आत ये." एवढेच. डोळ्यावर ताण द्यायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे आतेलाइते रोज बोटीतून उतरली की आपल्या शाळेत झालेला धडा इथे वाचून दाखवते. यांना हे कुणी शिकवलेले नाही. मी तर नाहीच.

मी सेपिउताला सगळे सांगितले. उभ्याने सांगायला लागले, मग खाली बसले. बुधवारचे, धक्क्याचे, पुठ्ठ्याचे, चौकशीतले ते वाक्य. मी थांबले तेव्हा ती हातातल्या विणायच्या पात्यांकडे बघत होती.

"मी तिला मारलं हो, बाई," ती म्हणाली. "चौकशीहून आल्यावर. पट्टी होती तरी मारलं. खोटं बोलतेस म्हणून. ती म्हणत होती, बाईंनीच शिकवलंय, आणि मी म्हणत होते, बाई खोटं बोलतील का? आणि अजून मारलं."

कमरेला बांधून नेलेल्या माझ्या चटईवर मी डोके टेकले. कुणी मला ऊठ म्हणाले नाही. ओसरीवरचा गणिताचा आवाज थांबला होता. मग सेपिउता उठून मुलीजवळ गेली, तिच्यामागे बसली आणि तिचे केस सोडून पुन्हा विंचरू लागली. ती बराच वेळ विंचरत होती. माझ्याकडे तिने त्यानंतर पाहिले नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

निघताना मी लुसेआनेला म्हणाले की, मी साहेबांना खरे लिहिते, आदेश रद्द होईल, तू परत शाळेत येशील. तिने विचारले, "कुठल्या?"

"आपल्या. दुसऱ्या कुठल्या?"

"मला आतेलाइतेच्या शाळेत जायचंय."

मी म्हणाले, "अगं, पण तिथलीच मुलं ना ती..."

"बाई, तिथं भांडण मिटवायचा तास आहे का?"

"नाही."

"मग तिथंच जाते," ती म्हणाली. ती रागाने बोलली नाही. आतेलाइतेला हसू फुटले, मग तिलाही फुटले, आणि हसताना दुखले म्हणून तिने पट्टीवर हात धरला.

डॉक्टरांच्या मते डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, अक्षर दिसणार नाही.

तरी विनंती अशी की, विषयात मी फक्त शाळाबंदी उठवावी असे लिहिले आहे, ते अपुरे आहे. कृपया ती उठवून कु. लुसेआने हिला लोतोपुआच्या मिशन शाळेत आठवीत प्रवेश घेण्यास लेखी परवानगी द्यावी. तिथल्या मुख्याध्यापिकांशी मी बोलले आहे. आपला कागद आला तर त्यांची हरकत नाही. आदेशातून 'हत्यार' हा शब्द काढावा आणि तो काढल्याचे तिच्या आईला पत्राने कळवावे. ते पत्र टोंगन भाषेत आणि मोठ्या अक्षरात असावे, म्हणजे ती ते चर्चमध्येही दाखवू शकेल. फलक परत घ्यावा. चौकशी माझ्यावर व्हावी आणि ती गावासमोर व्हावी. ज्या मुलांनी तिला दगड दिले त्यांची नावे मला माहीत आहेत, परंतु ती मी देणार नाही. त्यांनी ते तिच्या हातात दिले होते, फेकले नव्हते, एवढे आपण लक्षात घ्यावे.

इतर शाळांना माझी पद्धत शिकवण्याचे निमंत्रण मी नाकारत आहे. मुलांना मध्ये उभे करण्याआधी तिथे एक मोठे माणूस उभे असावे, एवढे मात्र त्या शाळांना कळवावे.

शिक्षेस पात्र, आणि ती मिळेल या अपेक्षेत,

कालोलाइने फुनाकी
शिक्षिका, सरकारी मिडल स्कूल, मातालिकू
दि. ९ सप्टेंबर २०१९

सोबत :
१) माझ्या अक्षरातील तीन नियमांचा तक्ता.
२) न नोंदवलेल्या चार मारामाऱ्यांची तारखांसह हकिकत.
३) विद्यार्थी मोसेसे याचे निवेदन (त्याने स्वतःहून आणून दिले, शुद्धलेखन सुधारलेले नाही).
४) डॉक्टरांचा दाखला.
५) लोतोपुआ मिशन शाळेचा प्रवेश अर्ज. विद्यार्थिनीने तो आतेलाइतेच्या मदतीने स्वतः भरला आहे. आईची सही आहे. 'आधीच्या शिक्षकाची शिफारस' हा रकाना विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून कोरा सोडला आहे.